घोट्याभोवतीच्या खुणा

कोकणातले आमचे घर वर्षाचे अकरा महिने बंद असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तेथे पोचलो, तेव्हा कुलूप निघताच सर्वांत आधी आत धावल्या त्या माझ्या दोन नाती, आणि त्याही अनवाणी, कारण माजघरातली सारवलेली जमीन भर उन्हाळ्यातही पायाला गार लागते हे त्यांना आदल्या वर्षीपासून ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पाय चोळत माझ्यापाशी आली. तिच्या दोन्ही घोट्यांभोवती आणि पोटऱ्यांच्या खालच्या भागावर लाल गांधी उठल्या होत्या. मी मोजल्या तेव्हा त्या एकोणीस भरल्या. मोठीच्या पायांवर सहा होत्या. माझ्या मुलाच्या पायांवर चार-पाच अगदी बारीक ठिपके होते, पण त्यांना खाज नव्हती, आणि माझ्या पायांवर काहीच नव्हते.

दुपारच्या जेवणापर्यंत घरात त्या गांधींची चार निदाने झाली. जाऊबाई म्हणाल्या की हे घामोळे आहे, मुंबई-पुण्याच्या मुलांना इथला उकाडा सोसत नाही. दिरांनी जुन्या पलंगाकडे बोट दाखवून ढेकणांवर शिक्कामोर्तब केले. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणीच पित्त ठरवले आणि वाटीभर आमसुलाचे पाणी पाठवून दिले. माझी सून मला बाजूला घेऊन गेली आणि आवाज अगदी खाली करून म्हणाली, "आई, ही खरूज तर नसेल ना?" तिने आवाज का खाली केला हे मला लगेच कळले, कारण तो शब्द असाच हळू उच्चारलेला मी फार पूर्वी, वेगळ्या घरात ऐकला होता. त्याकडे मी पुढे येईन.

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरही माझ्या पिशवीत एक भिंग असते. धाकटीला पडवीतल्या उजेडात बसवून मी तिचा पाय मांडीवर घेतला. भिंगाखाली जवळजवळ प्रत्येक गांधीच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखा एक गडद लाल ठिपका दिसत होता आणि त्याच्याभोवती फिकट लाल वलय होते. मग मी काचेचा स्वच्छ पेला घेऊन त्याचा तळ त्या जागेवर हलकेच दाबला. काचेतून पाहताना वलयाची लाली नाहीशी झाली, पण मधला ठिपका तसाच राहिला. वलयाची लाली फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे असते आणि दाब पडला की त्यांतले रक्त बाजूला सरते. ठिपका मात्र वाहिनीबाहेर सांडलेल्या रक्ताचा असतो, म्हणून तो दाबाने हलत नाही. पिसू आपली सोंड कातडीत खुपसून थेट बारीक रक्तवाहिनी गाठते, त्यामुळे तिच्या चाव्यात हा रक्ताचा बिंदू बऱ्याचदा सापडतो. तरीही एवढ्यावरून निकाल देणे मला योग्य वाटले नाही, कारण ढेकणाच्या चाव्यातही कधीकधी असा बिंदू दिसतो, आणि नखांनी खाजवलेली कोणतीही गांध दुसऱ्या दिवशी जवळपास सारखीच दिसू लागते. एका गांधीकडे कितीही वेळ पाहिले तरी ती आपण कोणाची आहोत हे सांगत नाही. अंगावर ती कोठे आहे, केव्हा उठली, घरात आणखी कोणाला उठली आणि कोणाला नाही, तो माणूस कोठे बसला आणि कोठे झोपला, हे विचारल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. त्या सुट्टीत मी हे विचारत गेले.

पहिली गोष्ट होती ती जागेची. दोघींच्याही गुडघ्यांच्या वर एकही खूण नव्हती. पिसवेला पंख नसतात. तिचा सगळा भर मागच्या लांब पायांवर असतो. दीड ते तीन मिलिमीटर लांबीचा हा कीटक साधारण वीतभर उंच उडी मारू शकतो. जमिनीवरून उडालेली पिसू उभ्या माणसाच्या अंगावर पोचते ती घोट्यावर किंवा पोटरीवर, आणि बहुधा पोचते तेथेच चावते. मुली रात्री पलंगावर झोपल्या होत्या आणि दिवसभर जमिनीवर अनवाणी हिंडल्या होत्या. त्या जमिनीवर अंथरूण घालून झोपल्या असत्या, किंवा घरात रांगते मूल असते, तर हा गुडघ्याचा नियम लागू पडला नसता. मग खुणा कमरेवर, दंडावर, कोठेही सापडल्या असत्या.

या वीतभर उडीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे आणि तो मला वर्गात शिकवायला नेहमी आवडत असे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला, तेव्हा तो कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते; हवा, घाण, धान्य, रोग्याचे कपडे, सगळ्यांवर संशय होता. १८९७ मध्ये पाश्चर संस्थेने पाठवलेले पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच लष्करी डॉक्टर मुंबईत आले. रोग्यांना तपासताना त्यांना काहींच्या पायांवर, आजाराच्या अगदी सुरुवातीला, टाचणीच्या डोक्याएवढा एक पाणफोड दिसला, आणि पुढे प्लेगची गाठ येत असे ती त्या फोडाकडून येणारा लसिकेचा, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, प्रवाह ज्या ठिकाणी पोचतो तेथे, म्हणजे पायावर फोड असेल तर त्याच बाजूच्या जांघेत. हा फोड म्हणजे कीटकाच्या चाव्याची जागा असावी आणि तो कीटक पिसू असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. मेलेल्या उंदराला ताबडतोब हात लावणारी माणसे आजारी पडत आणि बऱ्याच वेळाने उचलणारी वाचत, हेही त्यांनी पाहिले होते. उंदराचे शरीर थंड पडले की पिसवा त्याला सोडून जातात हे त्याचे कारण. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांना एकमेकांना स्पर्श करता येणार नाही, पण पिसवांना मात्र उडी मारून पलीकडे जाता येईल असे ठेवले, आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पुढची कित्येक वर्षे त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने ते पुन्हा तपासले. तेथे गिनीपिगांचे पिंजरे संसर्ग असलेल्या खोलीत निरनिराळ्या उंचीवर टांगले होते. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला आणि दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. त्या दोन इंच आणि दोन फुटांच्या मधे कोठेतरी पिसवेची उडी संपते. माझ्या नातीच्या गुडघ्याखाली थांबलेल्या गांधी पाहताना मला परळचे ते पिंजरे आठवत होते.

आता बाकीच्या निदानांविषयी. घामोळ्याचा प्रश्न लवकर सुटला. घामाची रंध्रे बुजली की घामोळे येते, म्हणून ते मानेवर, पाठीवर, छातीवर, कपड्यांखाली आणि घड्यांमध्ये उठते. बारीक, दाट, मोजता न येणारे असते आणि वाऱ्याला बसले की त्याची चुणचुण उतरते. नडगीवर आणि घोट्यावर सुटे सुटे, मोजता येतील असे एकोणीस ठिपके ही घामोळ्याची रीत नव्हे.

पित्ताच्या गांधी ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे आणि त्यासाठी डॉक्टरही लागत नाही. गांधीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि वेळ लिहून ठेवावी. पित्ताची गांध चोवीस तासांच्या आत त्या रेघेतून निघून जाते, बहुधा काही तासांतच, आणि दुसरीकडे कोठेतरी नवी उठते. मागे काही उरत नाही. मी धाकटीच्या तीन गांधींभोवती निळ्या शाईची वर्तुळे काढली. दुसऱ्या दिवशी तिन्ही गांधी वर्तुळातच होत्या, जरा कठीण झालेल्या आणि पहिल्यापेक्षा अधिक खाजणाऱ्या. आमसुलाच्या पाण्याने तिला गार वाटत होते, म्हणून ते मी बंद केले नाही. काकूंचा जीव त्यात होता आणि त्यात वाईट असे काहीच नव्हते.

ढेकणांसाठी मात्र पूर्ण सकाळ गेली. ढेकूण जमिनीवरून उडत नाही, तो झोपलेल्या माणसाकडे चालत येतो आणि पांघरुणाबाहेर राहिलेला भाग गाठतो. मान, चेहरा, दंड, मनगट. त्याच्या खुणा पुष्कळदा एका ओळीत असतात. एका ओळीत तीन चावे दिसले की ढेकूणच, असे अनेकजण खात्रीने सांगतात, पण अशी ओळ पिसवाही काढतात, म्हणून त्या पुराव्यावर मी विसंबत नाही. ढेकूण सापडतो तो अंथरुणात. पलंगाचे सांधे, गादीच्या शिवणी, पलंगामागच्या भिंतीच्या फटी मी विजेरीने पाहिल्या. शाईचे थेंब पडावेत तसे काळे डाग नव्हते, चादरीवर रक्ताचे ठिपके नव्हते, टाकलेल्या कातीही नव्हत्या. दिरांनी स्वतः पलंग उलटा करून पाहिला आणि आपला आरोप मागे घेतला.

उरली खरूज. खरजेचा किडा साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, आणि तो कातडीत बीळ करून राहतो. त्याची आवडती ठिकाणे ठरलेली आहेत: बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखेची कड, बेंबीभोवती, कमर आणि जांघ. खाज रात्री अंथरुणात अंग उबदार झाल्यावर अनावर होते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण शरीराला त्या किड्याची ओळख पटून त्याविरुद्ध भडकायला तेवढा अवधी जातो. म्हणजे आज भेटलेल्या माणसाकडून उद्या खरूज खाजू लागली असे पहिल्या वेळी घडत नाही. हा अवधी ज्यांना ठाऊक नसतो ते नेहमी सर्वांत अलीकडे घरात आलेल्या माणसाला दोषी धरतात. मी सुनेला भिंग दिले आणि दोन्ही मुलींच्या बोटांच्या बेचक्या पाहायला सांगितल्या. त्या स्वच्छ होत्या. तिने मुलींचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

आणि तेव्हा मला आमचा पुण्यातला वाडा आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पावसाळा संपताना घरातल्या बायकांच्या अंगाला खाज सुटली. आईच्या आणि काकूंच्या घोट्यांवर, आणि निऱ्यांच्या वर कमरेभोवती लाल पुरळ उठले. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत असत. त्यांच्या लहान मुलीच्या हातांना खरूज झाली होती. ती कधीकधी त्यांच्याबरोबर यायची आणि मागच्या दारापाशी बसून राहायची. मोठ्यांच्या हलक्या आवाजातल्या बोलण्यात तो शब्द मी ऐकला. दुसऱ्या दिवशी आईने बाईंना महिन्याचे पैसे पूर्ण दिले, एक जुने लुगडे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलगी पायरीवर बसून हात परकराखाली झाकत होती.

घरातली खाज त्यानंतरही दिवाळीपर्यंत चालू राहिली. बाई गेल्या होत्या, घरभर गंधकाचे मलम लावून झाले होते, तरी नवे ठिपके उठतच होते, आणि ते नेहमी घोट्यांवर आणि कमरेवर. आई आणि काकू दिवसभर स्वयंपाकघरात जमिनीवर पाट मांडून बसत. बसलेल्या माणसाची कमर जमिनीपासून वीतभरच उंच असते. जिन्याखालच्या अंधारात मांजर व्याले होते आणि शेजारच्या कोठीत धान्याची पोती होती, त्यांत उंदीर होते. हे सगळे आम्हा मुलांना ठाऊक होते, मोठ्यांनाही होते, पण कोणीही त्या दोन गोष्टी जोडल्या नाहीत. मला आजही आईची कणीक मळणारी बोटे डोळ्यांसमोर दिसतात, आणि त्या बोटांच्या बेचक्यांत एकही फोड नव्हता. एवढे एकच कोणी पाहिले असते तर पुरले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी पुढे वर्गात कितीतरी वेळा समजावून सांगितली असेल. ती सांगताना दरवेळी मला परकराखाली झाकलेले ते हात आठवत. त्या मुलीला खरूज होती हे खरे होते, आणि तिला औषधाची गरज होती. आमच्या घराने तिला औषध दिले नाही आणि तिच्या आईचे काम काढून घेतले. आईने हे कठोरपणाने केले नाही. तिने आम्हाला जपण्यासाठी केले. पण ती चूक होती आणि पिसवा आमच्या घरातल्या होत्या.

माझ्या पायांवर गांधी का नाहीत, हा प्रश्न नातींनी विचारला, आणि तो योग्य होता. पिसू वय पाहून चावत नाही. मलाही ती चावलीच असणार. गांध ही चाव्याची नसते, ती चाव्याला शरीराने दिलेल्या उत्तराची असते. पिसू रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडते आणि त्या लाळेतल्या पदार्थांना आपले शरीर परके मानते. अगदी पहिल्या चाव्याला बहुधा काहीच होत नाही. मग काही चाव्यांनंतर दिवसभराने खाज येऊ लागते. पुढे लगेच गांध आणि नंतर पुन्हा गाठ, असे दोन्ही होते. आणि वर्षानुवर्षे चावे खाल्लेल्या माणसाचे शरीर हळूहळू त्याची दखल घेणे सोडून देते. वाड्यात वाढलेली मी त्या शेवटच्या पायरीवर असेन, माझा मुलगा त्याच्या आसपास असेल, आणि पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली माझी नात ऐन भराच्या पायरीवर होती. दोन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये हे उत्तर इतके तीव्र असू शकते की एक नवा चावा झाला की आठवड्यापूर्वीचे जुने चावेही पुन्हा लाल होऊन खाजू लागतात, आणि आईवडिलांना वाटते की पुरळ अंगभर पसरत चालले आहे. म्हणूनच घरात एकालाच गांधी उठल्या तर त्या किड्याच्या नाहीत, असे म्हणता येत नाही. एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर काहीच दिसत नाही, म्हणून दुसऱ्याच्या खाजेला मनाचे खेळ ठरवलेले मी पाहिले आहे, आणि तो अन्याय आहे.

पण अकरा महिने बंद असलेल्या घरात पिसवा आल्या कोठून? शेजारच्या गड्याने सांगितले की होळीच्या सुमारास एक मांजर पडवीतल्या लाकडांच्या मागे व्याले होते आणि पिल्ले चालू लागल्यावर ती घेऊन निघून गेले. मग सगळे जुळले. मांजराच्या अंगावरची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटत नाहीत, ओघळून जमिनीवर पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या फटींमध्ये, धुळीत, उजेडापासून दूर राहतात आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर, म्हणजे मुख्यतः सुकलेल्या रक्तावर वाढतात. दमट हवा त्यांना मानवते आणि ती कोकणात विपुल आहे. मग अळी स्वतःभोवती कोश विणते, त्यावर धूळ चिकटते आणि तो जमिनीचाच कण दिसू लागतो. कोशातली तयार पिसू लगेच बाहेर येत नाही. ती कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, आत थांबते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. दोन मुली अनवाणी धावत आत गेल्या तेव्हा माजघराच्या जमिनीला कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हादरा बसला होता. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पिसवांचा झुंबड हल्ला होतो याचे कारण हे आहे, आणि ते कळल्यावर मला त्या इवल्या जिवाच्या धीराचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

पुरावा हाती यावा म्हणून रात्री मी एका पसरट थाळीत साबणाचे पाणी घेतले, ती लाकडांजवळ जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर एक लहान दिवा लावला. उजेड आणि उबेकडे उडालेल्या पिसवा पाण्यात पडतात, आणि साबणामुळे त्यांना पृष्ठभागावर तरता येत नाही. सकाळी थाळीत सात होत्या. मोठीने भिंगातून पाहिले: तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांमधून सहज सरकता यावे म्हणून पुस्तक उभे धरावे तशी, आणि अंगावर मागे वळलेले राठ केस. चिमटीत धरून ती मरत नाही, हेही तिने स्वतः पाहिले. लाकडांमागचा कचरा मी पांढऱ्या कागदावर घेऊन त्यावर पाणी शिंपडले, तेव्हा काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरले. माती अशी तांबडी होत नाही. ते पचलेले रक्त होते.

त्यानंतरचे काम कष्टाचे होते, गुंतागुंतीचे नव्हते. लाकडे बाहेर काढली, गोणपाट आणि गोधड्या उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवल्या, फटीफटींतली धूळ झाडून दूर नेऊन जाळली, जमीन नव्याने सारवली आणि हेच दर तीन-चार दिवसांनी पुन्हा केले, कारण कोश एकाच वेळी सगळे फुटत नाहीत. घरात कुत्रे किंवा मांजर पाळलेले असेल तर त्याच्या अंगावरच्या पिसवांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार केल्यावाचून नुसती घराची सफाई फुकट जाते. येथे एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते: कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजरासाठी जीवघेणे विष ठरते. कुत्र्याचे उरलेले औषध मांजराला कधीही लावू नये.

मुलींच्या पायांना गार पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन पुरले. नखे कापली, कारण पिसूच्या चाव्याने होणाऱ्या त्रासापेक्षा नखांनी आत गेलेल्या जंतूंचा त्रास पुष्कळदा मोठा असतो. एका नातेवाइकाने "सगळ्यावर चालते" असे सांगून एक मलमाची नळी आणून दिली होती. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही होते. ती मी लावू दिली नाही. अशा मलमाने कोणतीही खाज दोन दिवस शमते, म्हणून ते घरोघरी असते. पण गांध समजून ते गजकर्णावर लावले तर बुरशी आतल्या आत पसरते, तिची खवल्यांची गोल कडा पुसली जाते आणि मग त्वचारोगतज्ज्ञालाही ती ओळखणे अवघड होते. गजकर्ण दिवसांदिवसांनी बाहेरच्या बाजूला वाढत जाते आणि मध्यभागी निवळते. चाव्याच्या खुणेचे नेमके उलटे असते, तिचे सगळे मर्म मध्यभागी असते.

काही खुणांपुढे मात्र भिंग बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. पावसाळ्यात किंवा त्यानंतर गवतातून, झुडपांतून फिरून आल्यावर काखेत, जांघेत, कमरेवर न दुखणारी, न खाजणारी, विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली आणि ताप आला, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे पुष्कळ रुग्ण सापडले. तो चावा पिसूचा नसतो, गवतातल्या अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किड्याच्या अळीचा असतो. वेळेवर साधे प्रतिजैविक मिळाले तर रोगी बरा होतो, आणि ती खपली लपलेल्या जागी असल्यामुळे न पाहिली गेली तर जीव जाऊ शकतो. पेल्याने दाबून न मावळणारे, न खाजणारे लाल-जांभळे ठिपके तापाबरोबर अंगभर दिसले, तर तेही चावे समजून थांबू नये. आणि घरात एकाएकी उंदीर मरून पडू लागले व त्याच वेळी पिसवा वाढल्या, तर ती बातमी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी द्यावी. "उंदीर पडले" हे दोन शब्द आमच्या आजीच्या पिढीला पुरत. ते ऐकताच गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. ऑगस्ट १९९४ मध्येही बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते.

यंदा मी मुलांच्या आधी तीन दिवस घरी गेले. कुलूप काढले, आत पाऊल टाकण्यापूर्वी ओट्यावर बसून गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे चढवले आणि प्रत्येक खोलीत पाय आपटत सावकाश फिरले. माजघरात मोजे स्वच्छ राहिले. स्वयंपाकघरातही काही नव्हते. पडवीत लाकडांच्या कोपऱ्याशी उभी राहून मी मनात शंभरपर्यंत मोजले आणि खाली पाहिले, तर डाव्या मोज्यावर घोट्याच्या जरा वर दोन तपकिरी ठिपके चढत होते. मी पदर खोचला आणि लाकडे बाहेर काढायला घेतली.